चिंच मालकाची, कणा आपला

फाल्गुन-चैत्रात नेकनूर, मांजरसुंबा, केज या पट्ट्यात चिंचा झोडायचे काम निघते. झाड मालकाचे, माल गुत्तेदाराचा आणि फांदीवर चढणारा बहुतेक वेळा भूमिहीन मजूर. शेळ्यांना पाला आणि चुलीला सरपण तोडायलाही आपलीच माणसे चढतात. म्हणून या वेळी झाडावरून पडण्याविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत खाली येतो. तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. तो पायांवर पडला तर टाच मोडते आणि तोच दणका वर जाऊन कमरेजवळचा मणका दबतो. टाच मोडली असेल तर मणकाही तपासायला सांगा.

चढण्याआधी

शेवगा आणि जांभळाची फांदी ठिसूळ असते, ती सांगून मोडत नाही. वाळलेल्या किंवा किडलेल्या फांदीवर पाय देऊ नका. उपाशीपोटी, दारू पिऊन किंवा चक्कर येत असताना चढू नका. फिट येणाऱ्याने तर कधीच नाही. वर मोहोळ आहे का, फांदीजवळून विजेची तार गेली आहे का, हे खालूनच पाहा. तार असेल तर काम थांबवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. लोखंडी आकडी तारेला लागली तर माणूस आधी शॉकने जातो, मग पडतो. जमेल तेवढे काम खालून लांब बांबूने करा. चढावेच लागले तर बांधकामावर वापरतात तसा पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट गुत्तेदाराकडून मागून घ्या. नुसता कमरेला बांधलेला दोर पडताना पोटाला आणि बरगड्यांना इजा करतो. झाडाखाली एक माणूस हवाच, पण फांदीच्या बरोबर खाली नको.

पडल्यावर

मणका मोडला तरी आतली मज्जारज्जू पुष्कळदा शाबूत असते. आपण घाईने एकाने बगलेत, एकाने पायाला धरून उचलतो, कंबर मध्येच वाकते, आणि चालू शकला असता तो माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून:

१. त्याला बसवू नका, उठवू नका. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. १०८ ला फोन करा.

२. श्वास चालू आहे का पाहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा.

३. शुद्धीवर असेल तर पायाची बोटे हलवायला सांगा. मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

४. हलवावेच लागले तर चौघांनी मिळून डोके, खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखे कुशीवर वळवा. पाठीमागे दार किंवा रुंद फळी सरकवा आणि तिच्यावर बांधून न्या. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

५. पाणी, चहा पाजू नका. पाठ चोळू नका, हाड बसवायला कोणाकडे नेऊ नका.

उठून चालू लागला तरी दवाखान्यात न्या आणि निदान २४ तास लक्ष ठेवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, कानानाकातून रक्त किंवा पाणी, पोट फुगणे, लघवी अडणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका.

कागद

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत उंचावरून पडण्याचा अपघात धरला जातो. पण ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराला ती मिळत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात खाते असले की पुरे. वर्षाला २० रुपये कापले जातात. मृत्यू झाला किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर २ लाख, एक पाय गेला तर १ लाख मिळतात. दवाखान्याचा खर्च मात्र यात मिळत नाही. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. मेअखेर खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो.

या योजनेच्या नियमात झाडावरून पडण्याचा उल्लेख आहे. अशा अपघाताला दवाखान्याची तातडीची नोंद पुरावा म्हणून लागते. म्हणून केसपेपरवर नुसते "पडून जखमी" नको. "झाडावरून पडून", तारीख आणि वेळ लिहून घ्या. त्याची झेरॉक्स घरी ठेवा आणि शक्यतो ३० दिवसांत बँकेत अर्ज द्या. पोलीस केस होईल म्हणून "घरात घसरून पडला" असे सांगा, असा दबाव गुत्तेदाराकडून आला तर ऐकू नका. त्या एका वाक्याने घराचा हक्क बुडतो.

या हंगामात गुत्ते ठरवताना पैशांबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवा: बेल्ट, झाडाखाली एक माणूस आणि प्रत्येक चढणाऱ्याच्या विम्याचे २० रुपये.