पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि विवेक

पंडिता रमाबाई यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज या गावी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते. लहानपणी त्या आईजवळ संस्कृत शिकल्या होत्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला होता. त्यांच्या धर्मांतरामुळे महाराष्ट्रात खळबळ उडाली, हे सर्वज्ञात आहे. दीक्षेनंतर इंग्लंडमध्येच त्यांचा जो वाद झाला, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. चर्चची शिकवण शिष्येने नम्रपणे स्वीकारावी, प्रश्नांची उत्तरे पुढे आपोआप मिळतील, अशी जेराल्डिन यांची धारणा होती. रमाबाईंना हे मान्य नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना आणि तसे त्यांनी स्पष्टपणे लिहून कळवले. मायदेशातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. वाद लहान गोष्टींवरूनही होई. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द असावेत की संस्कृत, यावर पत्रे लिहिली गेली. रमाबाईंनी संस्कृतचाच आग्रह धरला. ती भाषा पवित्र म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून!

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची दृष्टी निराळी होती. त्याही श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. परंतु रमाबाईंच्या शंकांना आज्ञेने नव्हे, तर चर्चेने उत्तर द्यावे, असे त्यांचे मत होते. एकाच चर्चमधील या दोन स्त्रियांना शिक्षणाने माणूस घडतो हे सारखेच मान्य होते. तो आज्ञापालनाने घडतो की शोधाने, एवढाच मतभेद होता. आणि तो काही लहान नव्हता.

पुढे रमाबाई स्वतः गुरूच्या आसनावर बसल्या. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. सदनात धर्माची सक्ती असणार नाही, अशी ग्वाही होती. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत आणि इच्छा असलेल्या मुली आत येऊन बसत. यावरून धर्मप्रसाराचा आरोप झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणास बोलावले नाही, पण येणाऱ्यास अडवणारही नाही. यात तथ्य होते. तरीही घराने टाकलेली, सर्वस्वी त्यांच्यावरच अवलंबून असलेली एखादी कोवळी मुलगी त्या उघड्या दारातून खरोखर स्वेच्छेनेच आत येत होती काय? जो प्रश्न त्यांनी जेराल्डिन यांना विचारला होता, तोच आता त्यांच्या दारी उभा होता.

पुण्याजवळ केडगाव येथील ‘मुक्ती’ ही संस्था मात्र उघडपणे ख्रिस्ती होती. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तेथे लिहावाचावयास, विणावयास, छापखान्यात खिळे जुळवावयास शिकल्या. स्वतः रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते स्वतः वाचून समजावे, दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर तिला विसंबून राहावे लागू नये, यासाठी त्यांनी सोपी भाषा योजली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्या याच कामात गढलेल्या होत्या.