उरलेल्या आमरसाची पोळी

शेंद्र्यास जालना रस्त्यालगत आज कारखान्यांची वसाहत उभी आहे. तरी उन्हाळ्यांत घरीं आंबा आला म्हणजे रस उरतो तो उरतोच. सकाळीं काढलेला रस सायंकाळीं आंबूं लागतो व उकिरड्यावर जातो. आंबे मजुरीच्या पैशांचे असतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ही नासाडी लहान नव्हे.

कोंकणांतील बायका रसाचीं साठें घालण्यांत निष्णात आहेत. परंतु एका गोष्टींत आपला मुलूख वरचढ आहे. तेथील हवा समुद्रामुळें दमट. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो व वारा कोरडा असतो. रसाच्या पांच हिश्शांपैकीं सुमारें चार हिस्से पाणीच. तें जितकें लवकर जाईल, तितकी बुरशीस संधि थोडी. 'मराठवाडा केसर' आंब्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट खरी. पण पोळीस केसरच पाहिजे असें नाहीं. गावरान आंब्याचा आंबटगोड रस गाळून घेतल्यास उत्तम, व आंबटपणानें तो टिकतोही बरा.

रस ताजा असतांनाच निराळा काढावा. ज्यांत उष्टा हात किंवा दूध पडलें असेल तो घेऊं नये. कल्हईच्या अथवा स्टीलच्या पातेल्यांत मंद आंचेवर ढवळीत बुडबुडे येईतों तापवावा. त्यानें आंबविणारे सूक्ष्म जंतु मरतात. गोड आंब्यास साखरेची गरज नाहीं. ताटास तुपाचा हात लावून तुरीच्या डाळीएवढ्या जाडीचा रस पसरावा, वर मलमलीचें फडकें ताणून बांधावें व रस्त्याच्या धुळीपासून दूर, धाब्यावर ठेवावें. सूर्यास्तापूर्वीं ताटें घरांत आणावीं. पहिला थर बोटास चिकटेनासा झाल्यावरच दुसरा ओतावा. घाई केल्यास आंत ओल राहते, आणि तीच पुढें घात करिते.

पोळी वाकविली असतां मोडूं नये, दाबिली असतां ओली लागूं नये. कांचेच्या बरणींत भरून चार दिवस पाहावें. आंतून दंव दिसल्यास पुन्हां ऊन द्यावें. हें सर्व मृगापूर्वीं आटपावें. बुरशीचा एकच ठिपका दिसला तरी तेवढा खरवडून उरलेली मुलांस देऊं नये. ती पोळी सबंध टाकावी.

दौलताबादकडील सीताफळांवर मात्र हा प्रयोग करूं नये. त्यांचा गर तापविला कीं कडू होतो.

श्रावणांत पोळीचा तुकडा कोमट पाण्यांत तासभर भिजवून घोटावा. ताज्या रसाची सर त्यास येत नाहीं, पण भाकरीबरोबर मुलें तो आवडीनें खातात.