गळू एकाला, उपचार खोलीला

इंग्लंडमध्ये आश्रय मागणारी माणसे निकालाची वाट पाहत महिनोन्‌महिने हॉटेलात नाहीतर सामाइक घरात काढतात. बऱ्याचदा खोलीत अनोळखी जोडीदार असतो, न्हाणीघर सगळ्यांचे आणि वॉशिंग मशीनला रांग. अशा ठिकाणी एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू, शिरला तर काय करायचे, ते तिथल्या व्यवस्थापकांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी (त्यांत आपले मराठी लोकही आहेत) पुढे दिले आहे.

आधी बोला. आजार कळला तर अर्ज फेटाळला जाईल, या धास्तीने माणसे फोड बाहीखाली लपवतात. तसे होत नाही, हे त्यांच्या भाषेत सांगा. दुभाषी बाहेरचा हवा. खोलीतला मित्र किंवा घरातले पोर नको.

गळू दिसले तर पिळू देऊ नका. गॉज ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, पू बाहेर झिरपता कामा नये. ‘कोळी चावला’ असे कोणी म्हणाले तरी डॉक्टरांना दाखवाच. ही गळवे हुबेहूब तशीच दिसतात. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी पुवाचा नमुना कल्चरला जाऊ द्या. लहान गळू डॉक्टरांनी चिरून पू काढला की पुष्कळदा गोळ्यांशिवायही बरे होते. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याची पद्धत मात्र गोडीत बंद करा.

आता खरूज. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ. खाजवून सोललेल्या कातडीतून जंतूंना वाट मिळते. खरूज राहिली तर गळवांवरचा उपचार वाया जातो, म्हणून खरा नेट इथे लावायचा. ५ टक्के पर्मेथ्रिन मलम खोलीतल्या सगळ्यांना, खाज नसलेल्यांनाही, एकाच रात्री लावायचे. ते ८ ते १२ तास अंगावर ठेवायचे, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे आणि ७ दिवसांनी सगळे पुन्हा करायचे. चादरी, टॉवेल, कपडे त्याच सकाळी ६० अंशांवर धुवा. त्या दिवसासाठी मशीन आधीच राखून ठेवा आणि चादरींचा जादा संच हाताशी असू द्या, नाहीतर लोक नाइलाजाने जुन्याच चादरीवर झोपतात. धुता न येणारे कपडे पिशवीत बांधून किमान ४ दिवस बाजूला ठेवा. तान्ही बाळे आणि गरोदर बायांसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

गळवे पुन्हापुन्हा येत असतील तर जखम भरल्यावर डॉक्टर ५ दिवसांचा उपचार सांगतात: नाकात रोज तीनदा म्युपिरोसिन, अंघोळीला ४ टक्के क्लोरहेक्सिडीन, दर अंघोळीला स्वच्छ टॉवेल. डॉक्टरांनी सांगितले तर जोडीदारांनीही तो त्याच दिवसांत करायचा. टॉवेल आणि दाढीचे पाते ज्याचे त्याचेच.

न भरणाऱ्या व्रणावर करडा पापुद्रा दिसला तर थांबू नका. तो त्वचेचा घटसर्प असू शकतो. २०२२मध्ये युरोपभर स्थलांतरितांमध्ये तो आढळला, काही वाण एरिथ्रोमायसिनलाही दाद देईनात. केंटमधल्या मॅन्स्टन केंद्रातून गेलेल्यांना तेव्हा लस आणि अँटिबायोटिक देऊ केले गेले. घटसर्पाचा संशय आला तरी डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

ताप चढला, लाली झपाट्याने पसरली किंवा श्वास लागला तर रुग्णालय गाठा. एरवी एनएचएसच्या १११ला फोन करा, दुभाषी मिळतो. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि एचसी२ प्रमाणपत्रावर औषधे फुकट मिळतात.