अंतर, वारा आणि घड्याळ

दिल्लीहून पहाटे ४ वाजता प्रस्थान, सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी ६ वाजता आगमन, तारीख तीच. असे तिकीट हाती पडले, तर प्रवास दोनच तासांचा आहे असा समज होईल. प्रत्यक्षात तो साडेचौदा तासांचा असतो. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते आणि सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेबारा तास, तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. ठरावीक तासांनी औषध घेणाऱ्या प्रवाशाने डॉक्टरांचा सल्ला घेताना प्रवासाचे हे खरे तास सांगणे आवश्यक आहे.

अंतराचा प्रश्न याहून गमतीचा आहे. भिंतीवरील सपाट नकाशात दिल्लीहून अमेरिकेचा रस्ता युरोप आणि अटलांटिक महासागर यांवरून जातो असे वाटते. पृथ्वीगोलावर मात्र या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सायबेरिया ओलांडून थेट उत्तर ध्रुवप्रदेशात शिरतो. हेच सर्वांत कमी अंतर असून ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. परंतु विमान दोऱ्यावरून उडत नाही. वाटेतील देशांची परवानगी, संकटकाळी उतरण्यासाठी जवळपास विमानतळ आणि मुख्यतः वारा, हे सारे पाहून मार्ग ठरतो.

एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने हे विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे १,४०० किलोमीटरने वाढले. तरीही प्रवास जवळजवळ दोन तास आधी संपला! विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते मागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. लंडनहून मुंबईला येण्यास जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो, तो याच कारणाने. पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, असे काहीजण समजतात. ते बरोबर नाही, कारण पृथ्वीभोवतीची हवाही तिच्याबरोबरच फिरत असते.

ध्रुवावरून जाणारा मार्गही वापरला गेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये केवळ महिला वैमानिकांनी चालवलेले विमान उत्तर ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आले. सुमारे १४,००० किलोमीटरच्या या प्रवासाला साधारण १७ तास लागले. विमान निघाले तेव्हा तेथे ९ तारखेची रात्र होती. ते उतरले तेव्हा येथे ११ तारखेची पहाट झाली होती. अशा विमानाने येणाऱ्या पाहुण्याला घ्यायला जायचे असेल, तर तिकिटावरील आगमनाच्या वेळेइतकीच तिच्याशेजारची तारीखही नीट वाचावी लागते.