हरवलेली डिस्क नेमकी कुठे हरवली?

चि. सोनू हिस,


विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर संगणकातली दुसरी एसएसडी ‘धिस पीसी’मध्ये दिसेनाशी झाली, आणि ती फॉरमॅट करून मोकळं व्हावं का, असं तू विचारलं आहेस. उत्तर आधी सांगतो: करू नकोस. त्यामागचा विचार मात्र सविस्तर लिहितो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून जुनी मशिनं ११ वर नेण्याची घाई सगळीकडे चालू आहे. तू दुरुस्तीचं काम शिकते आहेस, तेव्हा हीच तक्रार घेऊन लोक तुझ्याकडे येत राहणार.

‘अपग्रेडने डिस्क घालवली’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला खटकलं. तू प्रत्यक्ष पाहिलंस ते एवढंच की यादीत एक ड्राइव्ह कमी आहे. बाकीचा सगळा तर्क. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला दोष देण्यासारखं हे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये असाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी त्या महिन्याचं सुरक्षा अपडेट आलं आणि जपानमधून तक्रारी सुरू झाल्या: ६० टक्क्यांहून जास्त भरलेल्या एसएसडीवर सलग ५० जीबीच्या आसपास डेटा लिहायला घेतला की डिस्क मध्येच गायब होते. बातम्यांनी अपडेटला दोषी ठरवून टाकलं. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या तैवानच्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या घेतल्या, पण तो दोष तिला पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध सापडला नाही. पुढे असं समोर आलं की दोष दाखवणाऱ्या काही डिस्कांमध्ये बाजारात न आलेलं, चाचणीपुरतं केलेलं फर्मवेअर होतं.

मग विंडोज कधीच दोषी नसतं का, असं तू विचारशील. असतं, आणि त्याचंही उदाहरण ताजं आहे. अनेक स्वस्त एनव्हीएमई डिस्कांमध्ये स्वतःची डीरॅम नसते. त्या संगणकाच्या रॅममधली थोडी जागा मागून घेतात. आधीच्या विंडोज ६४ एमबीच्या वर जागा देत नसत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २४एच२ ने वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या मालिकांतल्या २ टीबी डिस्कांना त्यांनी मागितलेले २०० एमबी देऊन टाकले आणि निळे पडदे येऊ लागले. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं, ते टाकल्यावर प्रश्न मिटला. दोन्ही वेळा लोकांचं बोट एकाच दिशेला होतं, निकाल मात्र वेगवेगळे लागले, आणि ते तपास झाला म्हणूनच कळले. अपग्रेडवर संशय घ्यायला माझी हरकत नाही. त्या संशयालाच पुरावा समजून हात चालवायला आहे.

तपास कसा करायचा ते सांगतो. डिस्क आणि ‘धिस पीसी’ची यादी यांच्यामध्ये टप्पे आहेत: सगळ्यांत खाली बायोस, त्यावर ड्रायव्हर, मग पार्टिशन आणि शेवटी ड्राइव्हचं अक्षर. खालच्या टप्प्यावर हरवलेली डिस्क वरच्या टप्प्यावर कितीही शोधली तरी सापडत नाही, आणि जिचं नुसतं अक्षर गेलं आहे तिच्यासाठी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसण्यात अर्थ नाही. म्हणून पहिला प्रश्न बायोसला विचारायचा. बायोस विंडोजच्या आधी जागं होतं. त्यालाच डिस्क दिसत नसेल तर ड्रायव्हर आणि फॉरमॅटच्या गोष्टी व्यर्थ आहेत. इथे पुष्कळ लोक फसतात. ते बूटची यादी उघडतात, तिच्यात डिस्क नाही म्हणून ‘मेली’ म्हणतात. त्या यादीत ज्यांच्यावरून संगणक सुरू होऊ शकतो त्याच गोष्टी येतात. नुसत्या डेटाची डिस्क तिथे नसली तर त्यात वावगं काही नाही. तू स्टोरेजचं किंवा एनव्हीएमईचं पान उघड आणि तिथे मॉडेलचं नाव व क्षमता वाच. तिथेही नसेल तर मशीन बंद करून वीज काढ, एम.२ चा स्क्रू सोडव आणि डिस्क खाचेतून काढून पुन्हा पूर्ण आत बसव. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअलही बघ. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा ठरावीक स्लॉट भरला की सॅटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, कारण दोघांच्या लेन सामाईक असतात.

अपग्रेडच्या आसपास माणसाचा हातही बायोसमध्ये जातो, आणि तो सगळे विसरतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूटची सोय लागते. त्यासाठी कोणीतरी आधी दोन-चार गोष्टी चालू-बंद केलेल्या असतात. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची बायोसमधली सोय, बंद झालं की जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. घाईत ‘लोड डिफॉल्ट्स’ दाबलं गेलं तर स्टोरेजचा मोड एएचसीआयवरून रेड किंवा व्हीएमडीवर जाऊ शकतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांवर व्हीएमडी मुळातच चालू असतं. अशा मशीनवर पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला गेलं की इन्स्टॉलर पुष्कळदा एकही डिस्क दाखवत नाही. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा, तीच डिस्क लगेच यादीत येते. तिला काहीही झालेलं नसतं. याउलट, आधीच विंडोज असलेल्या मशीनवर व्हीएमडी सरळ बंद करून टाकलं तर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो आणि एका प्रश्नाचे दोन होतात. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशाने सुधारलं किंवा बिघडलं ते कळायचा मार्ग उरत नाही.

बायोसला डिस्क दिसते असं ठरलं की डिस्क मॅनेजमेंट उघड. खालच्या भागात डिस्कची ओळ असेल, तिच्या पार्टिशनवर निळी पट्टी असेल आणि ‘हेल्दी’ लिहिलेलं असेल, फक्त अक्षर नसेल, तर उजवं क्लिक करून अक्षर देणं एवढंच काम. डाव्या बाजूला ‘ऑफलाइन’ असेल तर तिथूनच ‘ऑनलाइन’ करायची. यात तुझ्या फाइलींना धक्का लागत नाही. पण हे साधन उघडताच कधी कधी एक चौकट आपोआप समोर येते: ‘इनिशियलाइज डिस्क’. एमबीआर की जीपीटी एवढाच प्रश्न ती विचारते, आणि ओकेचं बटण तयारच असतं. ती चौकट पाहून हात मागे घे. ओके दाबलंस तर डिस्कवर नवं, रिकामं पार्टिशन टेबल लिहिलं जातं. डेटा त्या क्षणी पुसला जात नाही, पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद जाते. पुढे लोक नवं पार्टिशन करून क्विक फॉरमॅट करतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. फॉरमॅट करताना विंडोज एसएसडीला ट्रिमची सूचना देते, म्हणजे हे सगळे ब्लॉक आता मोकळे आहेत असं कंट्रोलरला कळवते. त्यानंतर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं तर बहुधा नुसती शून्यं हाती लागतात. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही फाइली परत मिळायच्या, त्या अनुभवावर इथे विसंबू नकोस. ‘चेकडिस्क’लाही एवढ्यात हात लावू नकोस. ते फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर ते लिहिणंही तिला जड जातं.

विंडोज स्वतःच विचारते आहे, म्हणजे तिला कळत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या चौकटीला एवढंच माहीत असतं की ओळखीचं पार्टिशन टेबल वाचता आलं नाही. डिस्क नवी कोरी आहे, टेबल बिघडलं आहे, की कंट्रोलर धड उत्तर देत नाही, यातला फरक तिला कळत नाही. तिन्ही वेळा ती तोच प्रश्न विचारते. दुसरा आक्षेप वेळेचा. गिऱ्हाईक समोर उभं असतं, फॉरमॅटला पाच मिनिटं लागतात, तपासाला तासभर. मला हा आक्षेप खोटा वाटत नाही, दुकान चालवणाऱ्याला तास मोजावेच लागतात. पण वेळ वाचवायचा खरा उपाय वेगळा आहे. उबुंटूचा पेनड्राइव्ह लाव, ‘ट्राय’ निवडून इन्स्टॉल न करताच संगणक सुरू कर आणि टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ दे. तिथे डिस्क पूर्ण क्षमतेनिशी, पार्टिशनसकट दिसली तर हार्डवेअर आणि पार्टिशन टेबल दोन्ही ठीक. मामला विंडोजच्या बाजूचा. दहा-पंधरा मिनिटांत निम्म्या शक्यता बाद होतात, आणि डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. जुन्या विंडोजवर परत जायचं असेल तर ती सोय साधारण १० दिवसच राहते, हेही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांग.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करायची. बायोसमध्ये शिरण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघ, आणि असेल तर तात्पुरतं थांबव. सिक्युअर बूट किंवा टीपीएम यांत बदल झाला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेलं की पुष्कळ मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की बहुधा त्याच अकाउंटमध्ये सापडते. ती नसेल तर तो डेटा ना तू उघडू शकशील, ना दुसरं कोणी.

आता तुझ्या डिस्कचं. बायोसच्या स्टोरेज पानाचा आणि डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या भागाचा फोटो मला पाठव. त्यावरून पुढचं ठरवू. ‘इनिशियलाइज डिस्क’ची चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाब. आणि मधल्या काळात डिस्क आपोआप दिसायला लागली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिच्यातल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे.

तुझा,
मामा