पाणी आणि सांडपाणी

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडास तिला कोयना मिळते. पुढे ती सांगलीस येते. वरच्या गावाचे सांडपाणी नदीत गेले, की तेच खालच्या गावाच्या घागरीत येते. नळ आला आणि गटार राहिले, तर दुखणे घरी येते. म्हणून दोन्ही कामे जोडीने व्हावीत.

सांगली, मिरज, कुपवाड यांची १९९८ साली एकच महानगरपालिका झाली. तिन्ही ठिकाणचे पाणी आणि गटार ही तिचीच जबाबदारी झाली.

खेड्यांनाही अनुदान, म्हणजे सरकारी मदत मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ठरवून दिले : शंभरांतले तीस रुपये पिण्याच्या पाण्याला, तीस स्वच्छतेला.

ते कुठे खर्ची पडले? ग्रामसभेत आपण दोन्हींचा हिशेब एकदम विचारू या.