आमांशाचें बीज कोणापासून येतें?

पोटांत मुरडा होऊन आंव पडूं लागली कीं आपल्याकडे आधीं नव्या धान्यास किंवा पावसाळी हवेस दोष देतात. पोट बिघडण्यास तीं कारणें असूंही शकतील. पण ज्या आमांशाचा येथें विचार करावयाचा आहे, तो अमीबा नांवाच्या एकपेशीय जीवाशिवाय होत नाहीं. त्याचें वर्णन १८७५ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें डॉ. लोश यांनीं केलें. त्यांचा रोगी एक तरुण शेतकरीच होता.

ह्या जीवाचीं रूपें दोन. एक उघडें व हालतें. दुसरें कवचांत मिटलेलें, त्यास पुटी म्हणतात. एका मिलिमीटरांत अशा पन्नास ते शंभर पुट्या ओळीनें बसतील. उघडा अमीबा शरीराबाहेर लवकर मरतो. पुटी मात्र ओल्या मातींत व पाण्यांत दिवसेंदिवस टिकते, जठरांतील आम्लांतूनही सुखरूप पार होते आणि लहान आंतड्यांत फुटते. तींतून निघालेले जीव मोठ्या आंतड्यांत उतरून त्याच्या अस्तरास चिकटतात व तेथील पेशी मारून खातात. त्यामुळें तोंड अरुंद व आंत रुंद, चंबूसारखे व्रण पडतात. मळांत आंव व रक्त येतें तें यामुळें. कांहीं जीव रक्तावाटे यकृतांत जाऊन तेथें गळूं करतात.

पण खरी मेख निराळीच आहे. मनिला येथें वॉकर व सेलार्ड्स यांनीं वीस कैद्यांस पुट्या खाऊं घातल्या. तो वृत्तान्त १९१३ मध्यें प्रसिद्ध झाला. (आज असा प्रयोग कोणी करूं देणार नाहीं, व तें योग्यच.) अठरांच्या पोटांत अमीबा रुजला, आमांश झाला चौघांसच. जोराच्या जुलाबांत बहुधा उघडे अमीबा पडतात, बांधीव मळांत पुट्या. म्हणजे अंथरुणास खिळलेल्या रोग्यापेक्षां, शौचाहून येऊन हात न धुतां भाकरी वाढणाऱ्या धडधाकट माणसाचें भय अधिक. आणि त्याची नोंद कोणत्याच दप्तरांत नसते.

मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांस कच्चें सोनखत घालणें म्हणजे ह्याच पुट्या पानांवर पसरणें होय. पन्नास अंशांवरील उष्णतेंत पुटी मरते. नीट रचलेला खताचा ढीग आंतून याहून अधिक तापतो. परंतु वरचा थर थंड राहतो, म्हणून ढीग उलटापालट केल्यावांचून खत वापरूं नये. पिण्याच्या पाण्यांत नेहमींच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरीननें पुटी खात्रीनें मरत नाहीं, पाणी उकळावें. औषधाचेंही तसेंच. पहिल्या गोळ्यांनीं आंतड्याच्या अस्तरांतील अमीबा मरतो व रक्त थांबतें, पण पोकळींत उरलेल्यांसाठीं डॉक्टर दुसरें औषध देतात. बरें वाटलें म्हणून तें पुष्कळजण अर्ध्यावर सोडतात, आणि पुट्या पडत राहतात.